मुक्ताचा निबंध आणि माझी सातवी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी इयत्ता सातवी शिकलेली. घरचे हिशेब, दुधाचे खाडे आणि माहेरची पत्रे एवढेच माझे लिखाण. परंतु अध्यक्षबाई म्हणाल्या, "पाककृती नको, भरतकाम नको, तुम्हाला मनापासून जे सांगावेसे वाटते ते लिहा." म्हणून एका शाळकरी मुलीची गोष्ट सांगते. गोष्ट खरी आहे आणि १७० वर्षांपूर्वीची आहे.

आमची थोरली मुलगी कॉलेजात जाते. एके दिवशी तिने चारपाच पानांची झेरॉक्स आणून ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "आई, हे वाच. हे लिहिणारी तुझ्या सातवीतल्या वयाच्या आसपासची होती." रात्री सगळी निजल्यावर, भांडी आवरून, मी ती पाने वाचली. भाषा जुनी होती, पण समजायला मुळीच अवघड नव्हती. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्या रात्री मला लवकर झोप आली नाही.

तो निबंध लिहिणारीचे नाव मुक्ता साळवे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी काढलेल्या शाळेत ती शिकत होती. निबंध लिहिला तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती आणि शाळेत जाऊन तिला तीनच वर्षे झाली होती. 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हे त्या निबंधाचे नाव. तो 'ज्ञानोदय' या पत्रात दोन भागांत छापला गेला, पहिला भाग १५ फेब्रुवारी १८५५ रोजी आणि दुसरा १ मार्च १८५५ रोजी. 'ज्ञानोदय' हे पत्र अमेरिकन मिशनच्या मंडळींनी १८४२ साली अहमदनगरास सुरू केले होते. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक निघाले १८८२ साली. म्हणजे त्याच्याही सत्तावीस वर्षे आधी ही मुलगी लिहून गेली.

आता त्या काळाची थोडी माहिती सांगते. पेशवाई १८१८ साली संपली, परंतु लोकांची मने काही एका दिवसात बदलत नाहीत. मुलीने अक्षर गिरवले तर नवऱ्याच्या जिवाला धोका होतो, तिच्या ताटातल्या अन्नात किडे होतात, असे भले भले लोक सांगत. अशा काळात फुले पतिपत्नींनी १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातील नायगावचा. माझे माहेरही सातारा जिल्ह्यातले, म्हणून हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. त्या शाळेत जाऊ लागल्या की रस्त्यात लोक अंगावर शेण आणि चिखल टाकत. त्या एक जादा लुगडे बरोबर नेत, शाळेत पोचल्यावर बदलत आणि शिकवायला उभ्या राहत. आपल्यापैकी किती जणींनी हे केले असते? मी आधी स्वतःलाच विचारते.

पुढे १८५१ आणि १८५२ साली आणखी शाळा निघाल्या. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलामुलींसाठीही वेताळ पेठेत शाळा निघाली. ही मुले शाळेत आणणे सोपे नव्हते. त्या कामी लहुजी वस्ताद साळवे आणि राणबा महार यांनी घरोघर जाऊन आईबापांना समजावले. लहुजी वस्तादांचा पुण्यात मोठा तालीमखाना होता. मुक्ता त्यांच्याच घराण्यातली असे सांगतात. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा जाहीर सत्कारही केला.

आता मुक्ताने काय लिहिले ते माझ्या शब्दांत सांगते. तिने प्रथमच मोठा प्रश्न घातला आहे. वेद काही लोकांचेच असतील आणि आम्ही ते पाहूही नयेत असे असेल, तर मग आमचा धर्म कोणता, हे ती थेट देवालाच विचारते. ज्या धर्माचा लाभ एकाला आणि बाकीच्यांनी नुसते तोंड पाहावे, तसला धर्म राहू नये, असेही ती म्हणते. चौदा वर्षांच्या मुलीने देवाशी असे बोलावे! आपण देवाजवळ काय मागतो? मुलाला मार्क, धन्याला बढती.

पुढे ती बाजीरावाच्या काळातल्या गोष्टी लिहिते. तिच्या जातीचा माणूस तालमीसमोरून गेला तर त्याचा जीव कसा जाई, वाड्यांच्या पायात माणसे कशी पुरत, आणि कोणी अस्पृश्य वाचायला शिकला तर त्याचा कसा राग येई, हे तिने घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले असावे. तिच्या जन्माच्या वीसपंचवीस वर्षे आधीच ते राज्य गेले होते. आजोबांच्या तोंडी त्या आठवणी अजून ताज्या असणार.

परंतु मला सर्वांत लागले ते घरगुती दुःख. ती लिहिते की, तिच्या जातीच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसते, आणि थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होत असतील याचा तुम्ही आपल्या अनुभवावरून विचार करा. बाळंतपणी आजार झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कोठून आणावा, हेही ती विचारते. चौदा वर्षांच्या मुलीला हे ठाऊक होते, कारण तिने ते आपल्या घरात आणि शेजारी पाहिले होते. मला दोन बाळंतपणांत गरम पाणी, शेक, डिंकाचे लाडू मिळाले. तरी मी कुरकुर केली होती.

आणि आणखी एक गोष्ट. वरच्या जातीची मुले दगड मारून तिच्या जातीच्या मुलांची डोकी फोडत, तरी ती मुले घरी जाऊन तक्रार करीत नसत. का? तर त्याच घरी उष्टे अन्न मागायला जावे लागे. आजकाल मुलाने शाळेत मार खाल्ला तर आपण लगेच बाईंना भेटायला जातो. ही मुले रक्त पुसून गप्प राहत, कारण संध्याकाळच्या जेवणाचा प्रश्न होता.

मुक्ताने नुसते दुसऱ्यांनाच दोष दिला असेही नाही. अस्पृश्यांतही एक जात दुसरीपेक्षा स्वतःला वरची समजते, हेही तिने स्पष्ट लिहिले. आणि शेवटी आपल्याच लोकांना कळकळीने सांगितले की, ज्ञान हेच आपल्या रोगावर औषध आहे, ते घ्या, म्हणजे वाईट कल्पना जातील आणि लोक जनावरासारखे वागवणार नाहीत.

तिच्याविषयी आणखी एक आठवण सांगतात. शाळेच्या बक्षीस समारंभात तिला खाऊ देऊ केला, तेव्हा तिने खाऊऐवजी शाळेला ग्रंथालय मागितले. तिचे एवढे एकच लिखाण आज उपलब्ध आहे.

आता माझ्या शाळेविषयी लिहिते. हे लिहू की नको असे दोन दिवस मनात चालले होते. पण मुक्ताने काही लपवले नाही, तर मी का लपवावे?

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. साधारण १९९० च्या सुमाराची ही गोष्ट. वर्गात वस्तीवरची एक मुलगी होती. तिचे वडील केरसुण्या बांधत, दोर वळत आणि लग्नकार्यात हलगी वाजवीत. ती दाराजवळ बसे. तिथे बस असे तिला कोणी सांगितलेले मी ऐकले नाही, पण ती तिथेच बसे आणि आम्हालाही त्यात काही वावगे वाटत नसे. शाळेत पाण्याची घागर होती. आम्ही सर्वजण तांब्याने पाणी घेत असू. ती आली की कोणीतरी वरून पाणी ओती आणि ती ओंजळीने पिई. पुष्कळदा ते पाणी ओतणारी मीच होते. देशाच्या राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता बंद केली, हे त्याच वर्गात नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही पाठ करीत होतो.

ती गणितात फार हुशार. मला अपूर्णांक येत नसत. शाळेच्या मागे चिंचेखाली भाकरीचे तुकडे करून तिने मला ते शिकवले. आजही मी भिशीचा हिशेब किंवा रेशनचे भाव चटकन काढते ती तिची देणगी आहे. एकदा मी तिला अभ्यासाला घरी आणले. आम्ही ओसरीवर बसलो. ती गेल्यावर आजीने तिथे पाणी शिंपडले. ती फार लांब गेली नव्हती. तिने मागे वळून पाहिले. मी खाली मान घातली. आजी प्रेमळ होती, तिने मला कडेवर वाढवले, तिला मी दोष देत नाही. पण मी तरी काही बोलायला हवे होते. दुसऱ्या दिवशी तिने मला पुन्हा अपूर्णांक शिकवले, आणि आदल्या दिवसाचा एक शब्दही काढला नाही. मुक्ताच्या निबंधातली दगड खाऊन गप्प राहणारी मुले वाचली तेव्हा मला तीच आठवली.

सातवीनंतर आमच्या दोघींची शाळा एकाच दिवशी सुटली. हायस्कूल लांब होते, मुलीला कोण पाठवणार, म्हणून माझी. ती आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, म्हणून तिची. माझ्या भावांना मात्र सायकल मिळाली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन मी भाईंदरला आले. तेव्हा इथे नगरपरिषद होती, २००२ साली महानगरपालिका झाली. खाडी, मिठागरे, स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आणि गाडीची गर्दी यांत वर्षे गेली. शहरात जातपात कुठे आहे, असे मीही म्हणत असे.

निबंध वाचल्यावर मुलीने एक प्रश्न विचारला. आमच्या मजल्यावर कचरा न्यायला एक बाई येतात. उन्हाळ्यात त्या पाणी मागतात, तेव्हा मी देते. मुलगी म्हणाली, "आई, मोरीच्या वरच्या फळीवर तो एक पेला वेगळा का असतो गं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. कोणी मला तो वेगळा ठेवायला सांगितला नव्हता. माझ्या हाताने आपोआप तो तिथे ठेवला होता, जशी ती मुलगी आपोआप दाराजवळ बसत होती. तो पेला मी त्याच रात्री घासून बाकीच्या पेल्यांत मिसळला. दुसऱ्या दिवशी त्या बाईंना घरातल्या पेल्यात पाणी दिले, तेव्हा त्या घेईनात. म्हणाल्या, "राहू द्या ताई, बाटलीत ओता." फार आग्रह केल्यावर त्यांनी घेतले. एवढ्याने माझे सगळे फिटले असे मी समजत नाही.

भगिनींनो, काळ पुष्कळ बदलला आहे हेही खरे. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचे नाव दिले गेले. मोडकळीला आलेला तो भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये उतरवला, तिथे राष्ट्रीय स्मारक करण्यासाठी. स्मारक जरूर व्हावे. पण आपल्याच विभागात दागिन्यांचे मणी ओवायला आईबरोबर बसणाऱ्या, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहणाऱ्या मुली आहेत. त्यांची नावे पटावर आहेत, पण त्या शाळेत नाहीत.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण डबे किंवा वाट्या वाण म्हणून लुटू नयेत. त्या पैशांत एक कपाट आणि पुस्तके घ्यावीत आणि ते मंडळाच्या खोलीत ठेवावे. रोज दुपारी दोन तास आपल्यापैकी एकीने तिथे बसावे. कोणाचीही मुलगी येवो, तिने आत येऊन सतरंजीवर मधोमध बसावे, दाराजवळ नव्हे. पाण्याचा माठ एकच असावा आणि पेलेही सर्वांचे तेच असावेत. सोमवारची पाळी माझी. अपूर्णांक शिकवायचे काम माझ्याकडे द्यावे, ते मला चांगले येतात. ते मला कोणी शिकवले, हे मी त्या मुलींना प्रथम सांगणार आहे.

लिहिण्यात काही चुकले असेल तर सांभाळून घ्यावे.