कशिदा आणि मेहनतकश



माझी माय वाकळ शिवते. जुनी लुगडी, फाटके सदरे एकावर एक टाकते आन् कडेपासून मधापर्यंत धावदोरा घालत जाते. एका शिकलेल्या माणसानं ती वाकळ पाहिली. म्हणाला, "टाके बरे आहेत, पण हा काही कशिदा नव्हे." शब्द डोक्यात घुसला. रात्रपाळी उतरून कोश चाळत बसलो.

कशिदा म्हणजे सुईदोऱ्यानं कापडावर काढलेली वेलबुट्टी. शब्द फारशी. 'कशीदन' म्हणजे ओढणं, 'कशीदा' म्हणजे ओढलेलं. उर्दू लिहिताना अक्षराची रेघ लांब ओढतात, तिलाही कशीदाच म्हणतात. बिडीचा कश त्याच मुळातला. आन् मोर्च्यात आपण ज्याच्या नावानं घोषणा देतो तो 'मेहनतकश'सुद्धा. मेहनत ओढणारा.

हा शब्द आपल्या मुलखात रुजला कसा? १३४७ मध्ये दौलताबादेत बहमनी राज्य सुरू झालं आणि फारशी दरबारात बसली. १६१० मध्ये मलिक अंबरनं खडकी वसवली, तेच आपलं शहर. अंबर हबशी, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. पुढं मोगल आले, मग निजाम. निजामाचा अंमल १९४८ ला संपला. सहाशे वर्षांत फारशी शब्द दप्तरातून बाजारात आन् बाजारातून घरात आले. 'जरी' तसलाच. जर म्हणजे सोनं.

इथं एक घोटाळा होतो. लोक हिमरूलाही कशिदा म्हणतात. हिमरूची नक्षी मागावर विणतानाच उमटते, सूत आणि रेशीम मिळून. कशिदा चढतो तयार कापडावर, सुईनं. मी साच्यावर उभा राहणारा माणूस, हा फरक मला हातानं कळतो.

पण शालीवरचा टाका तो कशिदा आणि चिंध्या जोडणारा टाका ते ठिगळ, हा फरक कुणी केला? सुई तीच, दोरा तसाच ओढलेला. फरक कापड कुणाच्या अंगावर, एवढाच. आपल्या अंगावर तर कापडानंच जात लिहिली होती. म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, लुगडं नेसायची रीत बदला, जातीची खूण सांगणारे दागिने टाकून द्या. बायांनी ऐकलं. ती खूण पुसली. टाक्याचं नाव मात्र अजून त्यांच्याच दप्तरात आहे.

माझं म्हणणं एवढंच. मुळातला अर्थ खरा धरा. ओढलेला दोरा तो कशिदा, तर मायची वाकळ बी कशिदा. आन् ती ओढणारी माय मेहनतकश.

पुढच्या बैठकीला येताना घरची वाकळ नीट बघून या. कोणता तुकडा कुणाच्या अंगावरचा, कोणत्या टाक्याला माय काय म्हणते, ते विचारा. लिहून आणा. आपल्या कोशाचं पहिलं पान तिथून सुरू करू.

जय भीम.