पाच लांब इंग्रजी शब्द आणि भीमाशंकरचे शेकरू

१/ इंग्रजीतील हे पाच शब्द पाहा : रॅप्टोरियल, इन्सेसोरियल, रेसोरियल, ग्रॅलटोरियल आणि नेटटोरियल. रोमन लिपीत पाचांचाही शेवट ओ, आर, आय, ए, एल याच पाच अक्षरांनी होतो. आज यांतले बहुतेक शब्द जाडजूड कोशांतच भेटतात. परंतु सुमारे १९० वर्षांपूर्वी दख्खनच्या पाखरांची वर्गवारी याच पाच शब्दांनी झाली होती, आणि ती करणाऱ्यानेच सह्याद्रीतील शेकरूला एका गव्हर्नराचे नाव दिले.

२/ तो माणूस म्हणजे विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२). कंपनी सरकारच्या फौजेतला हा अधिकारी १८१७ च्या खडकीच्या लढाईत होता. पेशवाई बुडाल्यावर नवा मुलूख मोजण्याची, नोंदवण्याची गरज सरकारला भासू लागली. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२४ मध्ये साइक्सला 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' नेमले. जमीनधारा, पिके, लोकसंख्या, हवामान, मासे, पक्षी अशा सगळ्याची नोंद त्याने केली. जुन्नरच्या लेण्यांतील आणि नाणेघाटातील शिलालेखांकडे विद्वानांचे लक्ष वेधणाऱ्या पहिल्या लोकांतही तो होता. ते प्रकरण स्वतंत्र धाग्याचे आहे.

३/ १८३१ मध्ये तो इंग्लंडला परतला. त्याच सुमारास लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात त्याच्या दख्खनच्या सस्तन प्राण्यांची आणि १८३२ मध्ये पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. पक्ष्यांच्या यादीचे भाग पुढे ज्या शीर्षकांखाली छापले गेले, त्यांत आपले पाच शब्द आहेत.

४/ आता अर्थ. शब्द दिसतात अवघड, पण त्यांची घडण मराठी माणसाला ओळखीची वाटावी अशी आहे. लॅटिनमध्ये '-ओर' हा प्रत्यय क्रिया करणारा दाखवतो, जसा आपला '-णारा'. त्याला '-इयल' जोडले की विशेषण होते.

रॅप्टोरियल : झडप घालून हिसकावणारे. घार, गरुड, घुबड.
इन्सेसोरियल : फांदीवर बसणारे. बुलबुल, मैना आणि बहुतेक लहान पाखरे.
रेसोरियल : जमीन उकरणारे. मोर, रानकोंबडा, तित्तिर. दाढीच्या 'रेझर'चे मूळही हेच, खरवडणे.
नेटटोरियल : पोहणारे. बदके.

राहिला ग्रॅलटोरियल. रोमन अक्षरांत मोजला तर बारा अक्षरांचा, पाचांत सर्वांत लांब. लॅटिन 'ग्रॅली' म्हणजे बांबूवर चढून चालण्याच्या खेळातील उंच काठ्या. बगळ्या-करकोच्यांचे पाय पाहून ज्याला हे सुचले, त्याच्या नजरेला दाद द्यायला हवी.

५/ एक सावधगिरी. शेवट सारखा म्हणजे घडण सारखी, असे नव्हे. 'एडिटोरियल' खरोखरच एडिटरपासून झाला. 'मेमोरियल' आणि 'टेरिटोरियल' मात्र स्मृती आणि प्रदेश या अर्थांच्या नामांपासून झाले. त्यांत कोणी 'करणारा' नाही.

६/ पण गट पाचच का? त्या काळी इंग्लंडमध्ये 'क्विनेरियन' नावाचा विचार जोरात होता. विल्यम शार्प मॅक्ले याने १८१९ पासून तो मांडला : निसर्गातील प्रत्येक गट पाच उपगटांत विभागलेला असतो आणि ते पाच वर्तुळाकार एकमेकांना जोडलेले असतात. झूलॉजिकल सोसायटीचा पहिला चिटणीस निकोलस व्हिगर्स याने तो पक्ष्यांना लावून पाच गण पाडले. साइक्सने दख्खनची पाखरे त्याच पाच कप्प्यांत भरली.

७/ कप्पे आधी ठरले की वस्तू कोंबाव्या लागतात. या पद्धतीत सगळी कबुतरे 'उकरणाऱ्यां'त जात. त्यामुळे घाटमाथ्याच्या दाट झाडीत राहून फळे खाणारे एक रानकबूतर साइक्सच्या यादीत मोर-तित्तिरांच्या पंगतीला बसले. १८४० नंतर हा सिद्धान्त मागे पडला आणि पाच शब्दांचा आधारच गेला.

८/ गंमत अशी की साइक्सने दिलेली काही छोटी नावे मात्र टिकली. घारीला त्याने 'गोविंदा' म्हटले, एका चंडोलाला 'देवा', एका चिमुकल्या वटवट्याला 'रामा'. तिन्ही नावे आजही पक्षिशास्त्रात चालतात. कारण नाव एका नमुन्याला बांधलेले असते, वर्गीकरण बदलले तरी ते त्याच्याबरोबर नव्या घरी जाते.

९/ सस्तन प्राण्यांच्या यादीत तो लॅटिन नावांजवळ मराठी नावेही देतो. रानकुत्र्याला 'कोळसून', लांडग्याला 'लांडगा'. खोकडाला तर त्याने शास्त्रीय नावच 'कॅनिस कोकरी' दिले, म्हणजे मराठी शब्द सरळ लॅटिनच्या साच्यात. आणि शेकरूला 'शेकरू'. मराठी शब्दांच्या अभ्यासकाला ही यादी उपयोगी आहे : मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, ही नोंदही त्याच वर्षीची.

१०/ मात्र शेकरूचे शास्त्रीय नाव ठेवताना 'शेकरू' वापरला गेला नाही. तो मान एल्फिन्स्टनला मिळाला. माणसाच्या नावापुढचा 'आय' हा लॅटिन षष्ठीचा प्रत्यय, म्हणजे 'एल्फिन्स्टनची खार'. वर आलेल्या रानकबुतरालाही हेच नाव मिळाले. त्याच्या शेवटी आजही दोन 'आय' लिहितात, शेकरूच्या नावात बहुधा एकच. नाव आधी लॅटिन घाटाचे करून मग प्रत्यय लावला तर दोन, थेट लावला तर एक. नोकरी देणाऱ्या वरिष्ठाचे ऋण फेडण्याची ही त्या काळची रीत होती. घाटातल्या ज्या कोणी 'शेकरू' हा शब्द साइक्सच्या कानावर घातला, त्याच्या वाट्याला एकही 'आय' आला नाही.

११/ पुढे काय झाले? भारतातील या मोठ्या खारीला १७७७ मध्येच 'इंडिकस' हे नाव मिळालेले होते, तेव्हा साइक्सची वेगळी जात उपजातीवर घसरली. १८६७ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे याने 'रातुफा' ही प्रजाती मांडली आणि नाव झाले 'रातुफा इंडिका एल्फिन्स्टोनी'. आजची अनेक वर्गीकरणे ही उपजात स्वतंत्र मानत नाहीत. भीमाशंकरविषयीच्या लेखनात मात्र ते लांब नाव अजून आढळते.

१२/ १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले, त्याचे एक मुख्य कारण हा प्राणी होता. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, आणि राज्यप्राणी म्हणून त्याचे नाव घेताना एल्फिन्स्टनची आठवण कोणालाही काढावी लागत नाही.