प्रौढाचे मानसिक वय : एका आकड्याचे वाचन

संहिता वाचताना काही प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला सवयीनेच पडतात. ती कोणी रचली, कोणत्या काळात, कोणत्या भाषेत आणि कोणता वाचक गृहीत धरून? बुद्धिमापनाचा अहवाल समोर आला की मात्र हे सारे प्रश्न बाजूला पडतात आणि आपली नजर थेट शेवटच्या आकड्यावर स्थिरावते. अहवाल प्रौढ माणसाचा असेल तर ही घाई अधिकच महागात पडते. त्या आकड्यावर कधी प्रमाणपत्र अवलंबून असते, कधी पालकत्वाचा निर्णय, तर कधी न्यायालयातील साक्षीची किंमत. म्हणून या आकड्याचा इतिहास थोडा तपासून पाहावा, असे आम्हांस वाटते.

या इतिहासाचा आरंभ लहान मुलांपासून होतो. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये जी कसोटी सिद्ध केली, तिचा हेतू मर्यादित होता : शाळेत ज्यांना वेगळ्या मदतीची गरज आहे अशी मुले ओळखणे. त्यातूनच पुढे मानसिक वयाची कल्पना आली. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचविली आणि १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणून बुद्धिगुणांक रूढ केला. दहा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय आठ भरले तर गुणांक ८०. हिशेब सरळ आहे. पण तो मुलापुरताच सरळ आहे. चाळीस वर्षांच्या गृहस्थाचे मानसिक वय सोळा भरले तर त्याचा गुणांक ४० मानायचा काय? ही विसंगती टाळण्यासाठी टर्मन यांनी प्रौढाचे वय हिशेबापुरते सोळावरच थांबविले. प्रौढाला मुलाच्या पट्टीने मोजण्याची अडचण अशी प्रथमपासूनच होती. ती सोडविली गेली नाही, झाकली गेली.

ती उघडी पडली पहिल्या महायुद्धात. अमेरिकी सैन्यात सुमारे साडेसतरा लाख माणसांची सामूहिक परीक्षा झाली; वाचता येणाऱ्यांसाठी ‘आल्फा’ आणि न येणाऱ्यांसाठी ‘बीटा’. गोऱ्या सैनिकांचे सरासरी मानसिक वय तेराच्या आसपास निघाले आणि राष्ट्राची बुद्धी खालावल्याची हाकाटी सुरू झाली. पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये या निष्कर्षाची तर्कदुष्टता दाखवून दिली. सरासरी प्रौढ हा सरासरी प्रौढापेक्षा कमी बुद्धीचा असू शकत नाही. चूक माणसांत नसून पट्टीत आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

ज्यांनी याच सैनिकी परीक्षांचे काम जवळून केले होते, त्या डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ मध्ये प्रौढांसाठी स्वतंत्र कसोटी रचली आणि भागाकार सोडून दिला. माणसाची तुलना त्याच्याच वयोगटाशी करावयाची. गटाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरायचे. सुमारे ६८ टक्के लोक ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात आणि ७० च्या खाली दोन टक्क्यांहून थोडे अधिक. म्हणजे आज प्रौढाच्या अहवालात दिसणारा गुणांक हे बुद्धीचे माप नव्हे; विशिष्ट गटातील ते स्थान आहे. मग पहिला प्रश्न उरतो तो हा : गट कोणता?

मराठीत या प्रश्नाला ‘प्रमाण’ या शब्दानेच एक गंमतीदार गुंता बहाल केला आहे. गुणोत्तर तेही प्रमाण, पुरावा तोही प्रमाण, आदर्श भाषा तीही प्रमाण. कसोटीचे प्रमाणीकरण करताना हे तिन्ही अर्थ नकळत एकमेकांत मिसळतात. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड भाषिक मुलांसाठी बिने कसोटीचे रूपांतर केले आणि १९४० मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘बिने-कामत’ हे नाव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी आजही आहे. वेक्सलर यांच्या मुलांच्या कसोटीचे भारतीय रूप नागपुरातच सिद्ध झाले. ए. जे. मालिन यांनी ते १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड श्रेणीचे नागपूर रूपांतरही त्यांचेच. मात्र मालिन यांची बुद्धिकसोटी सोळाव्या वर्षाच्या आत संपते. प्रौढांसाठी प्रभा रामलिंगस्वामी यांनी १९७०च्या दशकात वेक्सलर कसोटीचे जे भारतीय रूप केले, ते कृतिकसोट्यांपुरते होते. ठोकळे, चित्रे, तुकडे घेतले गेले. शब्द वगळले गेले. इतक्या भाषांच्या देशात हा निर्णय समजण्याजोगा आहे. पण त्याचा अर्थ असा की, प्रौढ माणूस ज्या भाषेत विचार करतो ती भाषा मोजणीच्या बाहेरच राहिली.

नागपूरहून पूर्वेस, रेल्वेने काही तासांच्या अंतरावर गोंदिया आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमांवर असल्याने येथे प्रमाण मराठीबरोबर झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी आणि छत्तीसगढी कानांवर पडते. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. ‘डोळा’ येथे ‘डोरा’ होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास उभा केला, म्हणून आपण तिला बोली म्हणून ओळखतो. एरवी ती ‘अशुद्ध मराठी’ या सदरात गेली असती. आता कल्पना करू : सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील, शाळेची पायरी न चढलेली पन्नाशीची बाई परीक्षकासमोर बसली आहे. शब्दांचे अर्थ प्रमाण मराठीत विचारले जातात आणि ती तिच्या बोलीत उत्तर देते. उत्तर चूक आहे की परीक्षकाचा कान अपुरा आहे, हे गुणपत्रिकेत कोठेही नोंदले जात नाही.

प्रश्न केवळ शब्दांचा नाही, विचाराच्या वळणाचाही आहे. १९३१-३२ मध्ये अलेक्सांद्र लुरिया यांनी मध्य आशियातील शेतकऱ्यांपुढे हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका अशा चार वस्तू ठेवून वेगळी कोणती असे विचारले. शाळा न शिकलेल्यांनी ओंडका वगळण्यास नकार दिला; लाकूडच नसेल तर हत्यारांचा उपयोग काय, हा त्यांचा सवाल. कसोटीच्या दृष्टीने हे चुकीचे उत्तर. पण त्यात तर्काचा अभाव नाही. वर्गीकरणाऐवजी कामाचा संबंध पाहण्याची सवय आहे आणि वर्गीकरणाची सवय बहुतांशी शाळा लावते. गोंदिया-भंडाऱ्यातील मालगुजारी तलाव पाहावेत. उतार, पाणलोट, बांधाची उंची आणि धानाला पाणी केव्हा सोडायचे याचे ज्ञान तेथे पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. कोहळी समाजाची तर ती ख्यातीच आहे. हे ज्ञान ठोकळ्यांच्या रचनेत उतरेलच असे नाही. सी. एम. भाटिया यांना याची जाण होती. १९५५ मध्ये आपली कृतिकसोट्यांची माला प्रसिद्ध करताना त्यांनी साक्षर आणि निरक्षर यांची मानके वेगळी ठेवली.

तरीही येथे एक सावधगिरी घ्यावयास हवी. कसोटी परकी आहे एवढे म्हणून तिला मोडीत काढणे सोपे आहे, पण त्याने नुकसान होते ते दुर्बलाचेच. ज्या प्रौढाला खरोखरच बौद्धिक मर्यादा आहे, त्याला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे लाभ प्रमाणपत्राशिवाय मिळत नाहीत. आकडा अवाजवी कमी येऊ शकतो, तसा अवाजवी जास्तही. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखविल्यानुसार अमेरिकेत गुण दर दशकाला सुमारे तीनने वाढत गेले. म्हणजे जुन्या मानकांवर तपासलेला माणूस कागदावर वास्तवाहून हुशार दिसतो आणि मदतीला मुकतो.

यावर उपाय कायद्याच्या व्याख्येतच सूचित आहे. २०१६ चा कायदा बौद्धिक कार्यशक्तीबरोबर दैनंदिन, सामाजिक व व्यावहारिक कौशल्यांतील मर्यादाही पाहावयास सांगतो. प्रौढाच्या बाबतीत याला एक पुस्ती जोडावी लागते : ही अडचण बालपणापासूनची आहे, की आजाराने, इजेने वा व्यसनाने नंतर आलेली? एकच आकडा दोन्ही ठिकाणी सारखा दिसेल, अर्थ मात्र पूर्णपणे वेगळा असेल. तो अर्थ घरच्या माणसांच्या सांगण्यातून, त्या व्यक्तीच्या पूर्वायुष्यातूनच लागतो. शिवाय प्रत्येक गुणांकाला त्रुटीची सीमा असते. ७२ हा आकडा म्हणजे साधारण ६७ ते ७७ हा पट्टा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हॉल विरुद्ध फ्लोरिडा खटल्यात हेच मान्य केले : ७० ही रेघ काटेकोर धरून, मापनत्रुटी नजरेआड करून, कोणास फाशीच्या वाटेवर लोटता येणार नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे ‘मानसिक वय’ दोनदा ठळकपणे आले. २००९ मध्ये चंदीगडच्या शासकीय संस्थेतील एका तरुणीचे मानसिक वय नऊ वर्षांच्या आसपास असल्याचे अहवालात होते. तरी तिच्या संमतीविना गर्भपात करता येणार नाही, असा निर्णय झाला. २०१७ मध्ये उलट दिशेची मागणी आली : लैंगिक अत्याचारापासून बालकांना संरक्षण देणाऱ्या कायद्यात मानसिक वयाने बालक असलेल्या प्रौढांनाही सामावून घ्यावे. न्यायालयाने तीही नाकारली. पहिल्या निर्णयाने हक्क राखला, दुसऱ्याने एका पीडितेला अधिक संरक्षणापासून दूर ठेवले असे कोणी म्हणू शकेल. मतभेदाला जागा आहे. पण दोन्ही ठिकाणी चाळिशीच्या वा विशीच्या माणसाला आठ-नऊ वर्षांचे मूल समजण्याचे रूपक कायद्याने स्वीकारले नाही, हे लक्षणीय आहे.

मानसिक वय हे मुळात रूपकच. ते मुलांसाठी घडले आणि प्रौढांवर लादले गेले. अनुभव, श्रम, नाती, इच्छा आणि वंचना यांनी भरलेली चाळीस वर्षे नऊ वर्षांत मावत नाहीत. म्हणून अहवाल हातात आला की कसोटी कोणती, तिची मानके कोणत्या वर्षाची व कोणत्या लोकांची, ती कोणत्या भाषेत घेतली, उपकसोट्यांतील चढउतार काय सांगतात आणि त्या माणसाचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, एवढे विचारावे आणि आकडा शेवटी वाचावा. संहितेच्या बाबतीत आपण हे नेहमीच करतो. माणसाच्या बाबतीतही तेवढी निष्ठा अपेक्षित आहे.