'दी' म्हणजे उर्फ : फ्रेंच कॅनडातील कुलनामांचा माग

आडनाव धरून मागे मागे जात राहिले की मूळ पुरुष भेटतो, अशी आपली साधारण समजूत असते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील फ्रेंच घराण्यांचा इतिहास चाळू लागताच ही समजूत कोलमडते. सतराव्या शतकात निकोला व रोबेर रिव्हार हे दोघे भाऊ बातिस्काँ येथे स्थायिक झाले. निकोला 'रिव्हार दी लाव्हिन्य' झाला, तर रोबेर 'रिव्हार दी लोरांजे'. पुढे कोणी रिव्हार राहिले, कोणी नुसते लाव्हिन्य, कोणी नुसते लोरांजे. रक्त एक, पण आडनावे निराळी!

'दी' म्हणजे 'म्हटला जाणारा'; आपला 'उर्फ'च म्हणा ना. या उपनावांचा एक मोठा उगम लष्करात आहे. १६६५ साली कारिन्याँ-सालिएर पलटणीचे सुमारे १,२०० सैनिक या वसाहतीत उतरले आणि त्यांपैकी सुमारे ४०० तेथेच राहिले. पलटणीत झाँ आणि पिएर यांचा सुकाळ. तेव्हा प्रत्येकाला एक लढाऊ नाव मिळे. लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे निश्चिंत, त्रांशमोंताञ म्हणजे डोंगर चिरणारा. ही नावे ठेवणारे मिस्कील असले पाहिजेत, असे आम्हांस वाटते. इतर उपनावे मूळ गावावरून, शेतजमिनीवरून, क्वचित आईच्या माहेरावरूनही आली. एकोणिसाव्या शतकात ही जोडनावे मागे पडली आणि दोहोंपैकी एकच टिकले.

असे असूनही येथील कुळांचा माग लागतो, याचे श्रेय धर्मग्रामांच्या नोंदवह्यांना आहे. फ्रान्सच्या राजाने १५३९ मध्येच बाप्तिस्म्याच्या नोंदी सक्तीच्या केल्या होत्या. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये विवाहाच्या नोंदींचा नियम घातला. आमच्याकडील चर्चच्या जुन्या वह्यांच्या मुळाशीही हाच नियम आहे. १६६७ च्या राजाज्ञेने दुसरी प्रत न्यायालयात ठेवण्याचे बंधन आले. दुसऱ्या प्रतीचे मोल क्वेबेककरांना सांगावे लागत नव्हते : १६४० साली तेथील चर्च जळाले, वह्या भस्मसात झाल्या आणि लोकांच्या आठवणीवरून नोंदी पुन्हा लिहाव्या लागल्या. याच वह्यांतून फादर सिप्रिएँ तांगे यांनी १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा वंशकोश सिद्ध केला. एका धर्मगुरूचा हा उद्योग आम्हांला थक्क करतो.

विवाहाच्या नोंदीत वधूवरांच्या माता-पित्यांची नावे असत, आणि स्त्रीचे नाव आयुष्यभर माहेरचेच लिहिले जाई. बाप्तिस्मा असो वा दफन, ती पित्याच्या आडनावानेच ओळखली जाते. १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने आलेल्या सुमारे ८०० 'राजकन्यां'चा माग म्हणूनच आज लागतो. या मुली राजघराण्यातील नव्हत्या. बहुतेक गरीब, कित्येक पोरक्या होत्या. आमच्यापैकी किती जणांना पणजीचे माहेरचे आडनाव सांगता येईल? क्वेबेकमध्ये पुढे व्यवहारात पतीचे नाव लावण्याची रीत रुळली होती. १९८१ पासून कायद्यानेच विवाहितेचे जन्मनाव कायम ठेवले.

एकोणिसाव्या शतकात लाखो लोक पोटासाठी अमेरिकेच्या कापडगिरण्यांकडे गेले. तेथे लब्लाँचा व्हाइट झाला, रुआचा किंग आणि ब्वाव्हेरचा ग्रीनवुड. अशा घराण्यांच्या वंशजांना मूळ आडनाव गाठण्यासाठी आधी भाषांतर उलटे करावे लागते.

परंतु याच वह्यांत अशीही माणसे आहेत, ज्यांना परत जोडावे असे आडनावच नाही. इतिहासकार मार्सेल त्र्यूदेल यांनी १९६० साली फ्रेंच कॅनडातील गुलामगिरीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा अनेकांना धक्का बसला. पुढे त्यांनी सुमारे ४,२०० गुलामांची नोंद केली. त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश मूळ रहिवासी जमातींतले होते, उरलेले बहुतेक आफ्रिकी वंशाचे. अशा माणसाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत ख्रिस्ती नाव, अंदाजे वय व मालकाचे नाव आढळते. आईबापांची जागा बहुधा रिकामी असते.