दोन शपथा आणि एक तोतया

'ध चा मा' करणे हा वाक्प्रचार शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि 'धरावे'चे 'मारावे' करणारी बाई म्हणून आनंदीबाई मराठी भाषेत कायमची अडकली. ज्या कागदावर ही खाडाखोड झाली म्हणतात, तो मात्र आजवर कोणत्याही दप्तरात सापडलेला नाही. उलट, ज्या स्त्रीने चारचौघांसमक्ष अशा दोन शपथा घेतल्या, की त्या दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, तिच्या नावाने मराठीत एकही वाक्प्रचार रुळला नाही. त्या म्हणजे करवीर गादीच्या संस्थापक महाराणी ताराबाई. (एकीला आपण सहज एकेरीत हाक मारतो आणि दुसरीला आदरार्थी बहुवचन लावतो, न्यायनिवाडा व्याकरणातच उरकलेला असतो.)

कावळा नाक्यावरचा ताराराणींचा अश्वारूढ पुतळा पाहत वर्गावर जाणाऱ्या आमच्यासारख्यांना हा विषय थोडा अवघडच. राजारामाच्या मृत्यूनंतर, १७०० ते १७०७ या काळात, औरंगजेबाला या बाईंनी दख्खनेत झुंजवत ठेवले, हे कर्तृत्व निर्विवाद आहे. शिवाजी विद्यापीठाने डॉ. अप्पासाहेब पवार यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केलेली 'ताराबाईकालीन कागदपत्रे' ज्यांनी चाळली असतील, त्यांना ते सांगायला नको. पण चरित्रकार जेथे घाईने पुढे सरकतात, तेथेच आम्हांस थांबावेसे वाटते.

'तोतया' हा शब्द ताराबाईंच्या आयुष्यात दोनदा येतो. पहिल्यांदा १७०७ साली. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर मोगलांच्या कैदेतून सुटून शाहू दक्षिणेत आला, तेव्हा हा खरा शाहू नव्हे, तोतया आहे, असे ताराबाईंनी जाहीर केले. अठरा वर्षे कैदेत काढलेल्या माणसाचा चेहरा ओळखणार तरी कोण? परसोजी भोसल्यांनी शाहूबरोबर एका ताटात जेवून त्याच्या भोसलेपणाची ग्वाही दिली. त्या काळी ओळखपत्र म्हणजे पंगत! ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईच्या वेळी धनाजी जाधव शाहूला मिळाले आणि वाद रणांगणावरच निकालात निघाला.

पुढे १७१४ मध्ये सवत राजसबाईने ताराबाईंना आणि त्यांच्या मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, पन्हाळ्यावर कैद करून आपल्या संभाजीला कोल्हापूरच्या गादीवर बसवले. दुसरा शिवाजी कैदेतच वारला. ताराबाई पुढे साताऱ्यास, म्हणजे ज्याला तोतया ठरवू पाहिले त्या शाहूच्याच आश्रयाला, येऊन राहिल्या.

आता दुसरा प्रसंग. शाहूला पुत्र नव्हता. गादीचा उघड वारस कोल्हापूरचा संभाजी, पण शाहूला तो नको होता. अशा नेमक्या वेळी ताराबाईंनी सांगितले की आपल्या मृत मुलाला मरणोत्तर पुत्र झाला होता, तो पन्हाळ्याहून गुपचूप हलवून लपवून वाढवला आहे. हाच रामराजा. शाहूची राणी सकवारबाई हे मानायला तयार नव्हती. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू वारला आणि जानेवारी १७५० मध्ये रामराजा साताऱ्याच्या गादीवर आला. ग्रांट डफ लिहितो की नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या आग्रहावरून ताराबाईंना जातभाईंसमक्ष रामराजाबरोबर जेवावे लागले आणि त्या अन्नाची शपथ घेऊन तो आपला नातू असल्याचे सांगावे लागले. रघूजी परसोजींच्याच घराण्यातला. बेचाळीस वर्षांपूर्वी जी पंगत ताराबाईंच्या विरुद्ध गेली, तीच आता त्यांच्या बाजूने साक्षीला बसली.

नातू गादीवर बसला, पण तो आजीच्या नव्हे, पेशव्यांच्या कलाने चालू लागला. सांगोल्यास त्याने कारभार पेशव्यांच्या हाती सोपवला. पंचाहत्तरीच्या ताराबाईंनी २४ नोव्हेंबर १७५० रोजी, चंपाषष्ठीच्या निमित्ताने, त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावले आणि कैद केले. मग नवी कथा आली: हा माझा नातू नव्हेच, जेथे त्याला प्रथम नेऊन ठेवले, तेथे खरे मूल बदलून गोंधळ्याचे पोर दिले गेले.

कथनकलेच्या अभ्यासकांनी ही कथा नीट पाहावी. तिच्यात पहिली शपथ खोटी ठरत नाही. ताराबाई फसवणाऱ्या नव्हेत, फसलेल्या ठरतात. पहिल्या कथेतले 'गुपचूप हलवले' हेच कलम दुसरीत 'वाटेत बदलले' म्हणून कामी येते. सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबासमोर, बाळाजी बाजीरावांच्या देखत, त्यांनी रामराजा आपला नातू नसल्याची शपथ घेतली.

रामराजा खरा की खोटा, यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आम्हांस त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, दोन्ही शपथा पेशव्यांना सोयीच्या होत्या. पहिल्या शपथेने कोल्हापूरचा संभाजी दूर राहिला, तर दुसरीने छत्रपती निव्वळ नावापुरता उरला. ज्याला तोतया म्हटले त्याला गादीवरून उठवण्याची कोणालाच घाई नव्हती. लबाडी असलीच, तर तिचे भागीदार अनेक होते आणि शपथ घेण्याची वेळ मात्र एकट्या बाईवर आली.

कोल्हापूरनेही हा धडा घेतला असावा. डिसेंबर १७६० मध्ये संभाजी निपुत्रिक वारला आणि पेशवे राज्य खालसा करू पाहत होते, तेव्हा जिजाबाईने एक राणी गरोदर असल्याचे जाहीर केले. तेवढ्यात पानिपत झाले, बाळाजी बाजीराव वारले आणि १७६२ मध्ये दत्तकाला मान्यता मिळून करवीरची गादी टिकली. या बातमीची कोणी शपथ मागितली नाही.

ताराबाई डिसेंबर १७६१ मध्ये वारल्या. रामराजाची कडक कैद त्यानंतर सैल झाली. ज्याला आजीने देवासमोर नाकारले, तो १७७७ पर्यंत छत्रपती म्हणूनच जगला आणि पुढचा वारस त्याच्याच मांडीवर दत्तक बसला.