अक्षरं राहतात कुठे?

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकावर मी बोलणार म्हटल्यावर घरात सगळे हसले. पण हात पोळला की विस्तवाची चौकशी करावीच लागते.

१९९८ साली वाशीतल्या एका डीटीपीवाल्याकडून मी चाळीसेक कविता टाइप करून घेतल्या. चार वर्षांनी फ्लॉपी नव्या संगणकात घातली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता चिवडा. फाइल शाबूत, कविता गायब! वह्या घर बदलताना रद्दीत गेलेल्या. अकरा कविता आठवल्या, बाकीच्या गेल्या.

असं का झालं? ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्र आणि आपण यांच्यामधला कारभारी. कोणत्या कामाला किती मेमरी द्यायची, प्रोसेसरपुढे कोणाची पाळी, फाइल कुठे ठेवली, हे सारं तो पाहतो. त्याच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. फाइलमध्ये अक्षर नसतं, आकडा असतो. त्या काळच्या अनेक मराठी फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या आकड्यांवर मराठी आकार चढवले होते. कारभाऱ्याच्या लेखी माझी कविता रोमन अक्षरांतलीच! फॉन्टचा मुखवटा गळला आणि मराठी गेली.

खरं तर भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ साली ठरलं होतं. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण आकडे ठरून भागत नाही. ‘कि’ म्हणताना आधी क, लिहिताना आधी वेलांटी. फाइलमध्ये उच्चाराचा क्रम ठेवून पडद्यावर वेलांटी पुढे आणायची, ती सिस्टीमने. लहानपणी मी उजवीकडून डावीकडे अलिफ-बे गिरवलं. तिथेही शेजारी बदलला की अक्षराचं रूप बदलतं. रोमन लिपीवर वाढलेल्या यंत्राला हे शिकवावं लागलं.

‘विंडोज २०००’ मध्ये देवनागरीला सिस्टीममध्येच जागा मिळाली. तिच्यातला ‘मंगल’ फॉन्ट घडवला र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी. ते सुलेखनकार होते आणि मराठीतले कवीही! जुहूच्या ज्या एनसीएसटी संस्थेशी त्यांचं हे काम जोडलेलं होतं, तिनेच लिनक्सवर भारतीय लिप्या आणणारी ‘इंडिक्स’ ही प्रणाली तयार केली. २००३ साली ती संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. सी-डॅक मुंबईची एक वास्तू आमच्या खारघर स्थानकासमोर आहे. नेरूळहून पनवेलच्या गाडीत बसलं की तिसरं स्थानक. तिथून जाताना मी मनातल्या मनात सलाम करतो.

आज माझी कविता कोणाच्याही मोबाईलवर मराठीतच उमटते. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्रामही मिळतात. पण तोवर माझ्या फ्लॉपीला बुरशी लागली होती. तुमच्या कपाटात अशा फाइली असतील, तर आजच बदलून घ्या. आणि हो, एक प्रत कागदावरही ठेवा.