नीरेच्या पाण्यामागून: बारामतीच्या कालव्यापासून वेळवंडीच्या खोऱ्यापर्यंत

१/
बारामती-इंदापूरच्या बागायतीचा इतिहास समजून घ्यायचा, तर कालव्याच्या उलट दिशेने, पाणी जिथून येते तिकडे चालत जावे. ही वाट वीरमार्गे भोरजवळच्या भाटघरला पोहोचते आणि पुढे वेळवंडी नदीच्या खोऱ्यात, थेट राजगडाच्या पायथ्याशी शिरते.

२/
आरंभ कोरड्या भूमीत. हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास. मुंबई इलाख्याची नवी जमीनमहसूल पद्धत १८३६ मध्ये प्रथम इंदापुरात लागू झाली. १८६७ च्या फेरपाहणीत तिथला सारा बराच वाढला.

३/
१२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दख्खनच्या दंग्यांची ठिणगी इथेच पडली. पुढच्याच वर्षी पाऊस रुसला आणि १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला.

४/
या संकटानंतर सरकारला सिंचनाची निकड पटली. १८८० च्या दशकात वीर येथून नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापूरकडे वाहू लागला. मात्र उन्हाळ्यात नदीच आटली, तर कालव्यात काय येणार? पावसाळ्याचे पाणी घाटमाथ्याजवळ अडवून ठेवणे भाग होते.

५/
त्यासाठी भाटघरला वेळवंडीवर दगडी धरण उभे राहिले. अभियंता व्हायटिंग यांच्या नावावरून जलाशयाला ‘लेक व्हायटिंग’ म्हणत. हे काम १८९० च्या दशकारंभी पुरे झाले. तेही अपुरे पडू लागले, तेव्हा त्याच ठिकाणी दीड किलोमीटरहून लांब असे नवे धरण बांधले गेले. १९२८ मध्ये पूर्ण झालेले हे ‘लॉइड धरण’, म्हणजेच आजचे भाटघर. साठवण सुमारे २४ टीएमसी. जलाशयाचे आजचे नाव ‘येसाजी कंक जलाशय’.

६/
इथले ४५ स्वयंचलित दरवाजे पाहण्यासारखे आहेत. जलाशय काठोकाठ भरला की पाण्याच्याच बळावर ते उघडतात. सोडलेले पाणी वेळवंडीतून नीरेत, नीरेतून वीरला आणि तिथून कालव्यात उतरते. याच पाण्यावर ऊस वाढला आणि १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंबजवळ साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसले.

७/
धरणापासून पश्चिमेकडे चालू लागले की इतिहासाची दुसरी बाजू दिसते. हे खोरे तेव्हा भोर संस्थानात होते. कालव्याचा लाभ पूर्वेकडच्या ब्रिटिश मुलखाला झाला. नदीकाठची भातखाचरे आणि जुन्या वस्त्या मात्र इथे पाण्याखाली गेल्या. गावे चढावर सरकली. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की कांबरे गावाजवळचे कांबरेश्वराचे मंदिर जलाशयातून वर येते. लोकपरंपरा त्याला पांडवकालीन मानते. वर्षातील बहुतेक महिने बुडालेल्या या देवाचे दर्शन घ्यायला त्या थोड्या दिवसांत गावकरी येतात.

८/
याच दिवसांत वरच्या वाड्यांना पाण्याची चणचण भासते. जलाशय मागे हटलेला असतो आणि उरलेले पाणी पूर्वेकडच्या पिकांसाठी जात असते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण अशा खोऱ्यांतूनच घडली असावी.

९/
वाट शेवटी भुतोंड्याला पोहोचते. इथून अळू दरवाजाने राजगडावर चढता येते. संजीवनी माचीवरून मागे पाहिले, की डोंगरांच्या मधे पसरलेला जलाशय दिसतो. बारामती तिथून दिसत नाही; तिचे पाणी दिसते. कालव्याची आकडेवारी सरकारी अहवालांत नोंदलेली आहे. वेळवंडीकाठच्या बुडालेल्या शिवारांची नावे तिथल्या वृद्धांच्या तोंडी आहेत, आणि ती लिहून ठेवण्याची वेळ झपाट्याने सरते आहे. या खोऱ्यात जाणाऱ्याने सोबत एक वही अवश्य न्यावी.